सिव्हिलला जाताना: केसपेपरपासून डिस्चार्ज कार्डापर्यंत

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मागच्या खेपेला ज्या डॉक्टरांनी तपासलं तेच पुढच्या खेपेला भेटतील याची खात्री नसते. हे रुग्णालय डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं आहे. ओपीडीत समोर बसलेले बरेचसे निवासी डॉक्टर असतात. एमबीबीएस होऊन पुढचं शिक्षण घेणारे. त्यांच्या नेमणुका फिरत्या असतात, त्यातला एखादा रात्रपाळी उरकून तसाच ओपीडीला आलेला असतो आणि दाराबाहेर रांग असते. एका पेशंटला दोन-तीन मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. तिथे "मागच्या वेळी सगळं सांगितलंय की" याचा काही उपयोग होत नाही. तुमच्या आजाराची पहिल्यापासूनची माहिती तुमच्याकडे आणि तुमच्या पिशवीतल्या कागदांत असते, तिसरीकडे कुठेही नाही.

अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याहून आणि सीमेपलीकडून इंडी-अफझलपूरहून येणाऱ्यांचा अख्खा दिवस ज्या चुकांपायी वाया जातो, त्या टाळता याव्यात म्हणून हा क्रम दिला आहे.

आधी हे: छातीत दुखणं, अचानक तोंड वाकडं होणं किंवा हातपाय लुळा पडणं, सर्पदंश, विषबाधा, अपघात, न थांबणारा रक्तस्राव यांत खालचं काहीही करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट अपघात विभागात जा. लकव्याच्या पेशंटसोबत जाणाऱ्याने एकच गोष्ट पक्की ठेवावी: पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, ती वेळ. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. साप चावला असेल तर गावाजवळचं ग्रामीण रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र ओलांडून सोलापूरकडे धावू नका. सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथे ठेवलेलं असतं, आणि पुढे पाठवायचंच असेल तर उपचार सुरू करून पाठवता येतं.

## १. कुठे जायचं ते ठरवा

ताप-खोकला, बीपी-शुगरची नेहमीची गोळी, बाळाची लस यासाठी सिव्हिल गाठू नये. शहरात महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं आहेत, गावाकडे प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. पंढरपूरला उपजिल्हा रुग्णालय आणि अक्कलकोटला ग्रामीण रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. हा निर्णय त्या विभागाच्या दवाखान्यांपुरता आहे. सिव्हिल वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतं, त्यामुळे इथे खिडकीवरचा दरफलक वाचा आणि सुटे पैसे जवळ ठेवा. घेतलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा.

खालून रेफर चिठ्ठी घेऊन येत असाल तर निघण्यापूर्वी ती वाचून घ्या. काय आजार वाटतो, कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं, कशासाठी पाठवलं, या तिन्ही गोष्टी तीवर हव्यात. नुसतं "पुढील उपचारासाठी रेफर" लिहिलेली चिठ्ठी असेल तर तिथेच विनंती करून भरून घ्या. चार वाक्यांचं काम असतं.

आषाढी वारीच्या दिवसांत जिल्ह्यातली बरीच आरोग्य यंत्रणा पंढरपुरात गुंतलेली असते. थांबण्यासारखी तपासणी असेल तर त्या आठवड्यात गावाकडून निघू नका.

## २. पिशवी आदल्या रात्री भरा

कॅरीबॅगमध्ये घडी घालून कोंबलेल्या कागदांतून डॉक्टर काही शोधत नाहीत. शोधायला वेळच नसतो. साधी प्लास्टिकची फाइल घ्या. सगळ्यात वर शेवटचा केसपेपर किंवा डिस्चार्ज कार्ड, त्याखाली रिपोर्ट तारखेप्रमाणे, नवा वर. एक्सरे-सीटीच्या फिल्म वेगळ्या, न मोडता.

त्यासोबत:

- सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. "एक पांढरी आणि एक गुलाबी" असं सांगून औषध ओळखता येत नाही. गोळी संपली असली तरी रिकामं पाकीट आणा.
- आधार कार्ड, रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड असल्यास ते. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स.
- पेन, पाण्याची बाटली, खायला काहीतरी.

सकाळच्या गोळ्यांचा घोळ नेहमीचा आहे. "तपासायला जायचंय म्हणून काही घेतलं नाही" म्हणत लोक बीपीची गोळी चुकवतात, मग बीपी वाढलेलं दिसतं आणि डॉक्टर डोस वाढवतात. बीपीची रोजची गोळी डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर घोटभर पाण्याबरोबर घ्यावीच. शुगरच्या गोळीचं उलटं. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर ती रक्त देऊन झाल्यावर, जेवणाच्या वेळी घ्यायची. उपाशीपोटी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन रांगेत उभं राहिलात तर चक्कर येऊन पडाल.

## ३. आजार एका कागदावर लिहून काढा

इतर काही जमलं नाही तरी हे करा. घरी शांतपणे बसून, पोरांकडून लिहून घेतलं तरी चालेल.

पहिल्या ओळीत मुख्य त्रास आणि तो कधीपासून आहे ते. "लय दिवसांपासून" असं लिहू नका. "संक्रांतीपासून", "दोन आठवड्यांपासून" लिहा. सणावरून सांगितलेली वेळ डॉक्टरांना कळते. मग कशाने वाढतो, कशाने कमी होतो, रात्री झोपेतून उठवतो का, वजन उतरलंय का. त्यानंतर जुने आजार, झालेली ऑपरेशनं आणि कोणत्या औषधाने कधी अंगावर पुरळ किंवा सूज आली होती ते. बाईमाणसाच्या कागदावर शेवटच्या पाळीची तारीख हवीच. एक्सरे-सीटी आणि कित्येक औषधं त्या एका तारखेवर ठरतात.

आता लपवल्या जाणाऱ्या गोष्टी. या लोक सांगत नाहीत, आणि गडबड नेमकी इथेच होते.

दारू किंवा शिंदी. रोज घेणारा माणूस ॲडमिट झाला की त्याची दारू एकदम बंद होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, तो बडबडतो, सलाईन उपसतो. घरच्यांना वाटतं इंजेक्शन चुकलं. आधी सांगितलं असतं तर त्यावरचं औषध पहिल्याच दिवशी सुरू झालं असतं.

गुडघेदुखीच्या पुड्या. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्या-पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ते बरेच दिवस घेऊन अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. ऑपरेशनआधी तर हे सांगायलाच हवं.

तंबाखू, मावा, मिश्री आणि कामाची धूळ. विड्या वळणाऱ्या बाईने "मी तंबाखू खात नाही" असं सांगून थांबू नये. दिवसभर तंबाखूच्या भुकटीत बसते, हेही सांगावं. यंत्रमागावर काम असेल तर तेही. खोकल्याचा विचार त्यावरून वेगळा होतो.

दुसऱ्या दवाखान्याचे उपचार. खासगीत दाखवलं होतं हे सांगितलं तर सिव्हिलचे डॉक्टर रागावतील, अशी भीती असते. एखादा रागावेलही. पण रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे हे न सांगता दात काढून घेण्यापेक्षा ते बोलणं खाल्लेलं बरं.

तपासा: कागद मोठ्याने वाचा. मिनिटाच्या वर जात असेल तर कमी करा. भावकीतलं भांडण, आधीच्या डॉक्टरने घेतलेले पैसे, शेजारणीला असाच त्रास होऊन काय झालं, हे सगळं बाहेर काढा.

## ४. कोण सोबत जाणार

एकच माणूस, आणि त्याला आजार माहीत असलेला. गाडी चालवता येते म्हणून आलेल्या पुतण्याला सासूबाईंच्या गोळ्या माहीत नसतात.

सोलापुरात अनेक घरांतली वडीलधारी मंडळी कन्नड किंवा तेलुगू बोलतात आणि त्यांना मराठीत दुखणं नीट सांगता येत नाही. दुभाष्या ठरवूनच न्या. स्त्रीरोग विभागात मुलाला किंवा नातवाला दुभाषी करू नका. त्याच्यासमोर आजी अंगावरून जाणारं पांढरं पाणी सांगणार नाही, "कंबर दुखते" म्हणेल, आणि कंबरेची गोळी घेऊन परत येईल. लेक, सून, नाहीतर गावातल्या आशाताई बऱ्या.

आणि पेशंटला बोलू द्या. "तुला काय कळतंय, मी सांगतो" म्हणणारे नवरे ओपीडीत दिवसभर दिसतात.

## ५. खिडकी, वार आणि युनिट

मोठ्या विभागांत डॉक्टरांची युनिटं असतात आणि प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. तुम्हाला मंगळवारी एका युनिटने तपासलं आणि तुम्ही गुरुवारी गेलात, तर दुसऱ्या युनिटसमोर गोष्ट पहिल्यापासून सुरू होते. कधी तपासण्याही नव्याने लिहिल्या जातात. म्हणून पहिल्याच भेटीत केसपेपरवर युनिट आणि वार लिहिलेला आहे ना ते पाहा. नसेल तर सिस्टरांना विचारून स्वतः लिहा. फिरत्या डॉक्टरांच्या जागी तेवढाच एक धागा तुमच्या हाती राहतो: डॉक्टर बदलले तरी युनिटचे मुख्य तेच असतात.

केसपेपरची खिडकी ओपीडी संपण्याच्या बरीच आधी बंद होते. लांबून येणाऱ्यांनी पहिली एसटी धरावी. जुना केसपेपर चालणार असेल तर नवा काढू नका. नव्यावर तुमचा इतिहास कोरा असतो. नाव आणि वय आधारप्रमाणेच सांगा. केसपेपरवर "लक्ष्मीबाई" आणि आधारवर "लक्ष्मी" एवढा फरकही पुढे योजनेच्या कागदांत आडवा येतो.

## ६. डॉक्टरांसमोरची दोन मिनिटं

बसल्याबरोबर फाइल पुढे करू नका. ते वाचायला लागले की तुमचं बोलणं राहून जातं. आधी कागदावरची पहिली ओळ सांगा: "डॉक्टर, दोन आठवड्यांपासून चालताना गुडघा दुखतोय, थांबलं की बरं वाटतं." मग फाइल द्या. तपासताना फोन बंद.

समोर तरुण डॉक्टर दिसले की "मोठे डॉक्टर कुठायत?" विचारायची पद्धत आहे. त्याने काम बिघडतं. गुंतागुंतीच्या पेशंटबाबत निवासी डॉक्टरांनी वरिष्ठांना विचारायचं, अशीच तिथली व्यवस्था असते. तुम्हाला शंका असेल तर असं म्हणा: "तीन महिने झाले, फरक पडत नाही. सरांना किंवा मॅडमना एकदा दाखवता येईल का?" कारणासकट केलेली विनंती टाळायला अवघड असते.

उठण्यापूर्वी तीन प्रश्न:

१. मला झालंय काय? नाव केसपेपरवर लिहिलंय का?
२. कोणती गोळी कशासाठी आणि किती दिवस?
३. परत कधी यायचं, आणि काय झालं तर त्याआधी धावत यायचं?

तिसऱ्या प्रश्नाचा दुसरा भाग लोक विचारतच नाहीत. प्लास्टर घातलेल्या हाताची बोटं काळी-निळी पडली तर रात्रीच यायचं असतं, पंधरा दिवसांनी नव्हे.

उत्तरं कळल्यासारखी वाटली तरी एकदा आपल्या शब्दांत म्हणून दाखवा: "म्हणजे ही सकाळी उपाशीपोटी, ही रात्री झोपताना, आणि ताप आला तरच ही तिसरी. बरोबर?" एवढ्याला दहा सेकंद लागतात आणि बऱ्याच चुका जागेवरच सापडतात. डॉक्टरांना राग येतो असं वाटत असेल तर नक्की करून पाहा. बहुतेकांना बरंच वाटतं.

## ७. तपासण्या

चिठ्ठी हातात आली की तिथेच विचारा: उपाशीपोटी की जेवून, आजच की तारीख घेऊन, रिपोर्ट कुठून आणि कधी मिळेल. पित्ताशय-यकृताच्या सोनोग्राफीला उपाशी राहावं लागतं, गर्भाशय किंवा प्रोस्टेटच्या सोनोग्राफीला लघवी तुंबवून बसावं लागतं. जेवणानंतरची शुगर जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी द्यायची, जेवण संपल्यापासून नव्हे. रंगद्रव्य टोचून सीटी करायचा असेल तर किडनीचा त्रास, शुगरच्या गोळ्या आणि आधीची ॲलर्जी सांगा.

सावध: "इथे मशीन बंद आहे, बाहेर करून घ्या" असं कोणी तोंडी सांगितलं तर सांगणारे कोण आहेत ते पाहा. आवारात फिरणारा माणूस एखाद्या लॅबचा निघू शकतो. तपासणी तातडीची आहे का, आतल्या यंत्रणेत कधी होईल, हे डॉक्टरांनाच परत विचारा.

रिपोर्ट घेऊन सरळ घरी जाणारे पुष्कळ भेटतात. रिपोर्ट "नॉर्मल" छापून आला तरी युनिटला दाखवल्याशिवाय ते काम पुरं होत नाही.

## ८. औषधाची खिडकी

खिडकीपासून हलण्यापूर्वी पाकिटं केसपेपरशी ताडून पाहा. चिठ्ठीवरची भाषा एवढी पुरे: ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच. १-०-१ म्हणजे सकाळी आणि रात्री, दुपारी नाही.

गोळी शिल्लक नसेल तर बाहेरच्या मेडिकलकडे वळण्याआधी डॉक्टरांना विचारा, "याच्याऐवजी इथे मिळणारं दुसरं चालेल का?" चालत नसेल तर औषधाच्या कंपनीचं नाव सोडून मूळ घटकाचं नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा.

## ९. ॲडमिट व्हायची वेळ आली तर

पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला, गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि आता पांढरं रेशनकार्डही चालतं. पण योजनेत बसणाऱ्या ऑपरेशनला आधी मंजुरी घ्यावी लागते. ऑपरेशन उरकल्यावर, बाहेरून सामान आणून झाल्यावर कागद नेले तर ते पैसे परत मिळणं कठीण. मंजुरी मिळाली की त्या पॅकेजमधल्या औषधांना आणि तपासण्यांना पैसे द्यायचे नसतात. कर्नाटकातून आलेल्यांकडे आयुष्मान कार्ड असेल तर ते राज्याबाहेरही चालतं, नुसत्या तिथल्या रेशनकार्डावर महाराष्ट्राची योजना मिळेलच असं धरू नका. अडलं तर फुले योजनेसाठी १५५३८८ आणि आयुष्मानसाठी १४५५५ हे दोन फोन क्रमांक आहेत.

राउंड. सकाळचा राउंड ही दिवसातली सगळ्यात महत्त्वाची वेळ. वरिष्ठ डॉक्टर तेव्हा येतात, निर्णय तेव्हा होतात. नेमका त्याच वेळी नातेवाईक चहाला गेलेला असतो. रात्री थांबलेल्याने सकाळी येणाऱ्याला तोंडी निरोप देण्यापेक्षा एक वही ठेवावी: ताप किती, लघवी किती वेळा, काय नवीन सुरू केलं, काय विचारायचं राहिलं. सलाईन संपत आली किंवा हात सुजला तर सिस्टरांना सांगा, स्वतः चाक फिरवू नका. वॉर्डातल्या मावशी आणि मामांशी नीट बोला. स्ट्रेचर त्यांच्याकडे असतो.

सही. संमतीपत्रावर पेशंटने स्वतः सही करायची असते; तो शुद्धीवर आणि सज्ञान असेल तर नवऱ्याची किंवा मुलाची सही पुरेशी नाही. सहीआधी विचारा: नेमकं काय करणार, कोणत्या बाजूचं, न केल्यास काय होईल, दुसरा मार्ग आहे का. कोऱ्या जागा भरून घ्या. तपासणीसाठी दिलेली संमती ऑपरेशनलाही लागू होते असं धरून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं आहे. जीव वाचवण्याची निकड असेल तर गोष्ट वेगळी.

स्वतःच्या मर्जीने पेशंट हलवायचा झाला तरी न सांगता उठून जाऊ नका. तसं लिहून द्या, आणि काय उपचार झाले त्याचा कागद घ्या. पुढच्या डॉक्टरला तो लागणारच.

## १०. डिस्चार्ज

घरी जायच्या घाईत कार्ड न वाचता गाडी शोधायला पळतात. थांबा. आजाराचं नाव, झालेलं ऑपरेशन, गोळ्या आणि त्यांचे दिवस, टाके कधी काढायचे, पुढची तारीख आणि वार, हे सगळं कार्डावर आहे का ते बघा. अपघात किंवा विषबाधेची केस असेल तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचा, क्रमांक टिपून घ्या. विम्याला आणि पोलिसात तोच विचारतात.

ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ तपासायला पाठवली असेल तर तिचा रिपोर्ट बहुधा डिस्चार्जनंतर येतो. जखम भरली, टाके निघाले, माणूस कामाला लागला आणि रिपोर्ट तिकडेच पडून राहिला, असं होतं. त्यात कॅन्सर निघाला असेल तर गेलेले महिने परत येत नाहीत. म्हणून कार्डावरच लिहून घ्या: तुकडा पाठवला का, कोणत्या तारखेला, रिपोर्ट कुठे मिळेल. आणि तो आणायची जबाबदारी घरातल्या एका माणसावर नाव घेऊन टाका.

घरी पोचल्यावर कार्डाचा फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा. कार्ड लॅमिनेट करू नका. पुढच्या वेळी त्यावर लिहायचं असतं. ॲडमिट असतानाचे पूर्ण कागद हवे असतील तर लेखी अर्ज करा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत अर्जानंतर ७२ तासांत कागदपत्रं देण्याची आणि ती तीन वर्षं जपण्याची तरतूद आहे.

## ११. बिनसलं तर

आधी त्याच वॉर्डातल्या प्रमुख सिस्टर आणि युनिटचे प्रमुख. तिथे सुटलं नाही तर वैद्यकीय अधीक्षक, मग अधिष्ठाता, म्हणजे महाविद्यालयाचे डीन. प्राथमिक आरोग्य केंद्राबाबत तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा परिषदेतले जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाबाबत तिथले अधीक्षक, मग जिल्हा शल्यचिकित्सक. महापालिकेच्या केंद्राबाबत महापालिकेचे आरोग्य अधिकारी. थेट मंत्रालयात पाठवलेला अर्ज फिरून याच टेबलांवर येतो.

वॉर्डात व्हिडिओ काढायला सुरुवात केली की डॉक्टर बोलायचे थांबतात, आणि शेजारच्या खाटेवरची उघडी-वाघडी माणसंही त्यात येतात. आवाज चढवणाऱ्या नातेवाइकाला बाहेर न्या. आरोग्य कर्मचाऱ्यावर हात उगारल्यास २०१० च्या राज्य कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय त्या क्षणापासून तुमच्या पेशंटबद्दल कोणी बोलतच नाही.

अर्ज एक पानाचा असावा. तारीख, वेळ, वॉर्ड, केसपेपर क्रमांक, काय घडलं आणि तुम्हाला काय हवंय. "योग्य ती कारवाई व्हावी" एवढंच लिहिलं तर अर्ज फाइलला लागतो. "रिपोर्ट मिळावा", "भरलेल्या रकमेची पावती मिळावी", "दुसऱ्या वरिष्ठ डॉक्टरांकडून तपासणी व्हावी" असं नेमकं मागा. दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.